अक्काचं नाव

ब्लॉग काढायचा म्हटलं की संगणक पहिल्यांदा नाव मागतो. आधी चार ओळी लिही, कसं जमतंय बघ, मग नाव ठेव, असं नाही. पोर जन्मायच्या आत बारसं! मला तिथंच राग आला. म्हटलं, "अजून काही लिहिलंच नाही तर नाव कशाचं ठेवू?" शेजारी स्टुलावर बसून मला हे सगळं करून देणारी माझ्या बहिणीची मुलगी हसली. म्हणाली, "मावशी, नाव टाकल्याबिगर पुढं जाताच येत न्हाई. टाक कायतरी. नंतर बदलता येतंय."

बहिणीची मुलगी म्हणते मी तिला, पण ती बहिणीच्या पोटची नाही. बहीण भूकंपात गेली. त्यानंतर दाजींनी, म्हणजे बहिणीच्या नवऱ्यानं, दुसरं लग्न केलं, त्या बायकोची ही मुलगी. तेव्हा ती बारावीला होती आणि क्लाससाठी लातूरला माझ्याकडं राहत होती.

लातूरला क्लासच्या गल्लीत आमचं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्न करून आले तेव्हा त्या भागात बाभळी होत्या आणि संध्याकाळी तिकडं जायला लोक घाबरायचे. मग क्लास निघाले. एक निघाला, त्याच्या पोरांचे मेडिकलला नंबर लागले, मग दहा निघाले. बघता बघता ज्याच्या घरावर जागा त्यानं होस्टेल बांधलं, ज्याच्या बायकोला वरण-भात येतो त्यानं मेस काढली. दहावीचा निकाल लागला की उदगीर, उमरी, देगलूर, पार हिंगोलीकडून बापलोक पत्र्याच्या पेट्या घेऊन उतरायचे. आम्हाला काय, बरंच होतं. दिवसभर फिजिक्सच्या नोट्स टाइप करायच्या. त्यातलं एक अक्षर मला कळायचं नाही, पण चूक एक व्हायची नाही. मधेच कुणाची लग्नपत्रिका, कुणाच्या दहाव्याचं पत्रक. एक दिवस मनात आलं, आयुष्य दुसऱ्यांचं टाइप करण्यात चाललंय, स्वतःचं कधी करणार?

घरात मी हे बोलले तर नवऱ्यानं जेवता जेवता नावांची रांग लावली. 'मनातलं', 'मनमोकळं', 'मनाच्या कोपऱ्यातून'. मी म्हटलं, सगळ्यांचं मेलं मनातलंच, पोटातलं कुणाचंच कसं नाही? मग त्यानं 'झेरॉक्सवाली' सुचवलं आणि स्वतःच खो खो हसला. हसू दिलं. मला कुणाच्या सुचवण्याची गरजच नव्हती. नाव माझ्याकडं तयार होतं. मला ब्लॉग काढायचा होता तो बहिणीसाठी, आणि त्याला तिचंच नाव द्यायचं होतं.

माझी बहीण म्हणजे आमची अक्का. वडील धर्माबादला मिरचीच्या अडतीवर मुनीम होते, शेजार सगळा तेलुगू, म्हणून आमच्याकडं मोठ्या बहिणीला ताई नाही, अक्का. पुढं आम्ही नांदेडला आलो तरी ती अक्काच राहिली. गेलेल्या माणसाला सगळे चांगलंच म्हणतात. अक्काला तर गेल्या दिवसापासून सगळ्यांनी देवीच करून टाकलं. किती गरीब होती, किती शांत होती! शांत? अक्का? अहो, भाजीवाल्याशी ती असं भांडायची की तो गाडा पुढल्या गल्लीत न्यायचा. भाकरी थापायचा तिला कंटाळा, अंघोळीला गेली की बाहेर यायची नाही, खोटं बोलताना डाव्या गालावर खळी पडायची आणि पकडली जायची. मला सायकल शिकवताना मागून धरलंय म्हणाली आणि सोडून दिली. मी गटारात. वर काठावर उभी राहून पोट धरून हसली. ही खरी अक्का कुणी सांगतच नव्हतं. मला ती लिहायची होती, आणि वर मोठ्या अक्षरात तिचं नाव पाहिजे होतं, कारण ते आता कुठंच उरलं नव्हतं. रेशन कार्डावरून कमी झालं, मतदार यादीतून कमी झालं.

ती औसा तालुक्यातल्या एका खेड्यात दिलेली. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, मूलबाळ नव्हतं. गणपती विसर्जनाला दाजी लातूरला आले होते आणि रात्री तिथंच राहिले, म्हणून वाचले. त्याच पहाटे नांदेडला आमच्याकडं फळीवरची भांडी वाजली. आई म्हणाली, मांजर असेल. सकाळी रेडिओ लावला तेव्हा कळलं. वडील आणि भाऊ तिकडं गेले. परत आल्यावर वडील न्हाणीत गेले आणि लई वेळ अंगावर पाणीच ओतत बसले. आम्हाला त्यांनी काही सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. भावानं तिच्या लग्नातला एक तांब्या तेवढा आणला होता. एका बाजूनं चेमटलेला. त्याच्यावर तिचं नाव कोरलेलं होतं.

वर्ष उलटल्यावर दाजींचं दुसरं लग्न झालं. त्या बाईचंही माहेरचं घरच्या घर गेलेलं, पाठीशी कुणी नाही. आपल्यात रीत आहे, दुसरेपणावर आलेली बाई पहिलीच्या नावाचा टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावरची छोटी मूर्ती, गळ्यात घालते आणि पहिलीचं माहेर तेच आपलं माहेर मानते. आमच्या आईनं तिची ओटी भरली आणि म्हणाली, "आता ही माझी लेक." मला म्हणाली, "हिलाच अक्का म्हण." नाही जमलं मला. जीभच रेटेना. मी त्यांना ताई म्हणते. बाई सोन्यासारखी आहे, तिच्याबद्दल एक वाकडा शब्द नाही माझा.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती आमच्याकडं नांदेडला आली. मुलगी झाली. त्या वेळी भूकंपातल्या गावांमध्ये जे मूल जन्मेल त्याला घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव ठेवायचे. पत्र्याच्या शेडांत पाळणे हलायचे आणि सगळी नावं मेलेल्यांची. दाजींच्या शेजारच्या एका म्हातारीनं तर नातवाला मेलेल्या नवऱ्याचं नाव ठेवलं, आणि नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं कसं, म्हणून त्या पोराला जन्मभर "ए, अरे ए" करत राहिली. आमच्या पोरीला कुणाचं नाव ठेवायचं हे कुणी कुणाला विचारलंही नाही. नाव ठेवायचा मान आत्याचा. दाजींच्या बहिणी गावासोबतच गेलेल्या, म्हणून मी मावशी असून आत्याच्या जागी बसले. मी तिच्या कानाशी तोंड नेलं, बायकांनी रिवाजाप्रमाणं माझ्या पाठीत धपाधप धपाटे घातले, आणि मी अक्काचं नाव तिच्या कानात सांगितलं. आई पाळण्याचा गज धरून खाली बसली. कुणी तरी म्हणालं, "आली गं बाई, परत आली." सगळ्या रडायला लागल्या. त्या रडण्यानं ते बाळही घाबरून रडायला लागलं, आणि त्याला घ्यायचं कुणाला सुचेना.

तर ती ही मुलगी. हुशार, तोंडाळ, केसांचा कंटाळा म्हणून बॉयकट केलेली. तिला डॉक्टर व्हायचं होतं. गल्लीत क्लासवाल्यांचे फ्लेक्स लागायचे, नंबर लागलेल्या पोरांचे फोटो आणि खाली नाव. येता-जाता ती मान वर करून ते बघायची. मला म्हणायची, "मावशी, माझा फोटो तूच टाइप कर हां. नावात चूक करशील तर बघ." फोटो टाइप करत नाहीत गं, म्हटलं तरी ऐकायची नाही.

त्या रविवारी तिची टेस्ट सकाळीच संपली होती. ब्लॉगची ती चौकट उघडून तिनं कीबोर्डवर बोटं ठेवली. "सांग. काय टाकू?"

मी अक्काचं नाव सांगितलं.

तिची बोटं चालली. सवयीचंच नाव ते. दोन अक्षरं उमटली आणि ती थांबली. मग एकेक करून तिनं ती पुसली.

"मावशी, हे माझं नाव हाय."

"हाय की. अक्काचंबी हाय."

"पण ती न्हाई ना आता."

माझ्या डोक्यात सणक गेली. "तोंड सांभाळून बोल हां! तिचं होतं म्हणून तुला मिळालं. मी ठेवलंय ते, या तोंडानं."

"मी मागितलं होतं का?"

काउंटरवर दोन पोरं नोट्स घेऊन उभी होती. मी त्यांच्यावरच ओरडले, "दुकान बंद हाय!" एक म्हणालं, "काकू, शटर तर वर हाय." "मग घेते खाली," म्हटलं आणि खरंच अर्धं घेतलं. पोरं पळाली. मागं वळले तर ही स्टुलावर तशीच बसलेली, रडत नव्हती. रडली असती तर मी जवळ घेतलं असतं आणि विषय तिथंच संपला असता.

"मी पाणी पिते तो तांब्या तिचा," ती म्हणाली. "नाव माझंच हाय म्हणून आईनं मला दिला. मैत्रिणी विचारतात, हा असा चेमटला कसा, काय सांगू? आईच्या गळ्यातल्या टाकात ती. भूकंपाच्या दिवशी अख्खं गाव मला जवळ घेऊन रडतंय, लहानपणापासून. बाबा कधी कधी हाक मारतात, मी ओ दिली की म्हणतात, काही न्हाई, जा. आणि आजी... आजी मला हाक मारते तेव्हा माझ्याकडं बघत न्हाई, मावशी. मी तिच्या म्होरं बसलेली असते आणि ती दाराकडं बघून हाक मारते."

मी काउंटरवरचे कागद उगाच सारखे करायला लागले.

"एक नाव हाय ते तरी माझं राहू दे की. उद्या माझा नंबर लागला आणि कुणी नेटवर माझं नाव टाकलं, तर ढिगाऱ्याखालची बाई निघंल. मी कुठं निघू?"

"अगं, पण मग ती कुठं राहील?" मी म्हटलं. "तिचं काहीच न्हाई गं कुठं."

ती एकदम मऊ आवाजात म्हणाली, "मावशी, तू तिला कधी नावानं हाक मारलीस का?"

मोठ्या बहिणीला नावानं कोण हाक मारतं? बोलायला लागल्यापासून ती अक्का. भांडताना अक्का, लाडात अक्का, तिच्या पाठवणीला मी जीपमागं रडत धावले तेव्हाही अक्काच. पत्रावर फक्त नाव लिहायचे, ते पोस्टमनसाठी. आठवून आठवून बघितलं. तिचं नाव मी तोंडानं मोठ्यानं पहिल्यांदा कधी घेतलं असेल, तर ते हिच्या कानात. आणि त्यानंतर आयुष्यभर जेव्हा जेव्हा घेतलं, ते हिलाच हाक मारायला. जे नाव मी परत मागत होते ते माझ्याजवळ कधी नव्हतंच. मी काउंटरवर डोकं टेकलं आणि रडले. पोरगी उठली, शटर पूर्ण खाली ओढलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली. एवढीशी पोर.

मग आम्ही नुसतं 'अक्का' टाकलं. नाव म्हणून संगणकानं ते घेतलं, पण ब्लॉगच्या पत्त्यासाठी दुसऱ्या कुणी तरी तो शब्द आधीच घेऊन ठेवलेला. "कोण मेला बसलाय माझी अक्का अडवून?" मी म्हटलं, तेव्हा दोघी जरा हसलो. तिनं विचारलं, "ती मूळची कुठली?" तिला हेही माहीत नव्हतं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, फक्त नाव दिलं होतं. मी धर्माबादचं सांगितलं, वखारीतल्या मिरचीच्या ठसक्यानं आम्ही शिंकत शिंकत खेळायचो ते सांगितलं. तिनं टाइप केलं, 'धर्माबादची अक्का'. तेच ठरलं.

लिहिलं मग. दुकान उघडायच्या आधी रोज थोडं. सायकल, गटार, गालावरची खळी, भाजीवाल्याची भांडणं. उमरीच्या कुणा अनोळखी बाईनं खाली लिहिलं, आमचीपण अशीच होती. नाव मी कुठंच घातलं नाही, आजही घालत नाहीये.

आई नांदेडला भावाकडं असते. तिला संगणक कुठला समजायला! मी सगळं मोठ्या टाइपात छापलं आणि अहमदपूर-लोह्यावरून जाणाऱ्या एसटीनं नांदेडला गेले. आईनं चष्मा लावला, ओळीखाली बोट धरून वाचत बसली. खळीपाशी हसली. गटारापाशी "मेली" म्हणाली, ते मला का अक्काला, कळलं नाही. शेवटचं पान उलटून तिनं मागं बघितलं, परत पहिलं पान काढलं.

"नाव कुठाय तिचं?"

"अक्का लिहिलंय की, आई."

"ते तुझं. मी ठेवलेलं नाव कुठाय?" तिनं कागद मांडीवर ठेवले. "सरकारनं काढलं. म्हटलं, बरं, सरकार हाय. तू बी काढलंस?"

हे ऐकून घेणं मला जमलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. तांब्याचं, फ्लेक्सचं, आणि ते दाराचंही. आई ऐकत राहिली. "मी दाराकडं बघते?" तिनं विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं. मग स्वतःशीच म्हणाली, "ती मेली घरात असायचीच कधी? हाक मारायची म्हणजे रस्त्याकडं तोंड करूनच."

चष्मा काढून तिनं पदरानं पुसला. "पोरीचं बरोबर हाय," म्हणाली. "जितं लेकरू म्होरं बसलंय आणि मी दाराकडं बघून राहिले. यंदा आली की नीट तोंडाकडं बघून हाक मारते तिला."

बारावी झाल्यावर पोरीला प्रवेश परीक्षेचं केंद्र नांदेडला आलं. आदल्या दिवशी मी तिला घेऊन गेले. आईनं सकाळीच डोक्याला तेल लावून केस विंचरले होते, धुवट लुगडं नेसली होती, आणि आपली खुर्ची नेहमीच्या जागेवरून हलवून घेतली होती. पाठ दाराकडं. भावजय म्हणाली, काल रात्रीपासून नाव घोकून राहिल्यात.

पोरगी आत आली, वळसा घालून आईच्या समोर उभी राहिली. पाठीला बॅग तशीच. आईनं दोन्ही हातांत तिचा चेहरा धरला. डोळे, कपाळ, ते आखूड केस, सगळं बघितलं. इतकी वर्षं नातीला बघितलंच नव्हतं तसं. ओठ हलले. पहिलं अक्षर यायला झालं आणि थांबलं. परत ओठ हलले. पोरगी हळूच म्हणाली, "म्हण की गं, आजी." त्या चेहऱ्याकडं बघून ते नाव तिच्या तोंडातून निघेना.

"ये बाई," ती शेवटी म्हणाली. "हात-पाय धू. जेवायला बस."

पोरगी हात-पाय धुऊन ताटावर बसली. आई खुर्चीत तशीच, दाराकडं पाठ करून, हट्टानं. भाकरीचा तुकडा मोडून पोरगी नुसतीच बसून राहिली, आणि मग माझ्याकडं बघून अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "मावशी, तू तरी मार हाक."

मी मारली. तिच्याकडं बघून, तिच्यासाठी, पूर्ण नावानं. ती "ओ" म्हणाली.

आणि आमची आई खुर्चीचा हात धरून कशीबशी मागं वळली आणि दाराकडं बघायला लागली.